ठेकेदारासाठी आखलेली सहल

"पाह्यतोच मी त्याले," असं म्हणून भाऊ समोरच्या सागवानी ओंडक्यावर दोन थापा मारायचे. जणू ओंडका साक्षीला ठेवलाय. आलापल्लीच्या डेपोत मी कारकून आणि भाऊ मुकादम. त्या थापांचा आवाज पार गोंडपिपरीला ऐकू जायचा असं मी आजवर सांगत आलोय, आणि गोंडपिपरीच्या कुणीही ते अजून खोडून काढलेलं नाही.

"त्याले" म्हणजे ठेकेदाराला. हा आमच्या डेपोच्या लिलावात लाकूड घ्यायचा. सफारी घातलेला, गळ्यात बैल बांधता येईल एवढी जाड साखळी, आणि चालताना पोट दोन पावलं पुढे. भाऊंच्याच गावचा. ब्रह्मपुरीकडे वैनगंगेच्या काठावर ते गाव, आणि याचा बाप तिथला मालगुजार, म्हणजे अख्ख्या गावाचा जमीनदार.

भाऊंनी मला ती गोष्ट एकदाच सांगितली, डब्यातली भाकर हातात तशीच धरून. नदीच्या मधल्या बेटावर उन्हाळ्यात जत्रा भरायची. लोक मालगुजाराच्या नावेतून जायचे. एका वर्षी भाऊंची माय पोराला घेऊन नावेच्या कोपऱ्यात बसली. नाव मध्यावर आल्यावर मालगुजाराच्या पोराचं लक्ष गेलं. तो भाऊंच्याच वयाचा, चड्डीची नाडी तोंडात धरून फिरायच्या वयाचा. तो किंचाळला, "हे बाई आमच्या नावेत काऊन बसली? उतरवा इले!" आणि उतरवलं. पाण्यामधल्या एका वाळूच्या पट्ट्यावर. दिवसभर माय तिथं बसून राहिली, पदर पोराच्या डोक्यावर आणि स्वतःचं डोकं उघडं. संध्याकाळी मासे धरून परतणाऱ्या एका ढिवरानं आपल्या डोंग्यातून त्यांना काठावर आणलं. माय त्यानंतर जन्मात नावेत बसली नाही. माहेर नदीपलीकडे, तर कोसभर वर उतार होता तिथून कमरेइतक्या पाण्यातून जायची.

पुढं मालगुजारी गेली, छप्पन साल आलं, भाऊ बौद्ध झाले, नाव कुजली. वाळू तेवढी राहिली.

डेपोत भाऊंनी आपल्यापरीनं सूड घेऊन पाहिला. लिलावाच्या आधी ठेकेदार विचारायचा, "कसं आहे गा लाकूड?" भाऊ पोकळ ओंडक्यावर थाप मारून म्हणायचे, "सोनं आहे, ठेकेदार साहेब." एक ओंडका तर इतका पोकळ निघाला की आरागिरणीवर कापताना आतून अस्वलीण दोन पिलं घेऊन बाहेर आली आणि रागानं बघत निघून गेली. आम्ही आठवडाभर हसलो. भाऊ हसले नाहीत. "हे काई पाह्यणं नाई," म्हणाले.

भाऊ रिटायर झाले तेव्हा नागपूरच्या काही मंडळींनी थायलंडची सहल काढली. बुद्धविहार, मोठमोठ्या मूर्ती, सोबत एक भन्तेजी. भाऊंनी नाव दिलं, मीही दिलं. काही जागा उरल्या, त्यात ठेकेदार घुसला. बुद्धाशी त्याचं काही नव्हतं. त्याला तिकडचं सागवान पाहायचं होतं. विमानात तो भाऊंच्या पुढच्याच खुर्चीत बसला. भाऊ संपूर्ण प्रवासात खाली ढगांकडे बघायला विसरले. त्याच्या टकलाकडे बघत राहिले.

विहार पाहून झाले आणि समुद्राकाठच्या एका गावी एक मोकळा दिवस मिळाला. हॉटेलात बेटांची रंगीत चित्रं लावलेली. हिरवे डोंगर पाण्यातून वर आलेले, आणि मधेमधे पांढऱ्या वाळूचे पट्टे. भाऊ त्या चित्रांसमोर उभे राहिले ते जेवायलाही आले नाहीत. मग म्हणाले, "नावेची सहल मी ठरवतो. सगळ्याइनं चला."

त्यानंतरचे भाऊ तुम्ही पाहायला हवे होते. नाववाल्याला त्यांची भाषा येईना, यांना त्याची. पण बिडीचं बंडल मधे ठेवून दोघं ओल्या वाळूवर बोटानं नकाशे काढत होते. आधी हे बेट, मग ते, मग ती गुहा. एका पट्ट्यावर भाऊंनी बोट असं दाबलं की मला वाटलं खाली पाणी लागतं. नाववाला मधेच हात घोट्याला लावून दाखवी, मग गुडघ्याला, मग छातीला. आम्ही समजलो, आपली पोरं किती मोठी झाली ते सांगतोय. भाऊंनीही आपली तीन दाखवली.

भन्तेजींना वास आला असावा. म्हणाले, "भाऊ, राग सोडा आता."

"सोडतो भन्तेजी. पण जागा पाहून सोडतो."

सकाळी आम्ही सात-आठ जण निघालो. लांब नाव, वर कापडी छत, दोन-दोन माणसांच्या फळ्या. त्या पट्ट्याजवळ आल्यावर भाऊ मधासारखं बोलले, "ठेकेदार साहेब, इथी उतरा. मांगं डोंगर, पुढं तुमी. फोटो झ्याक येते." ठेकेदार उतरला, पोट आत ओढून उभा राहिला, आणि भाऊंनी नाववाल्याला खूण केली. नाव निघाली.

"अरे! कुठी चालले?"

"बेटं पाह्याले. संध्याकाळी येतो. बसा तुमी."

ठेकेदारानं दिलेल्या शिव्या मी इथं लिहीत नाही, कागद जळेल.

आता आम्ही नदीकाठची माणसं. पाणी वाढतं ते पावसानं, एवढंच ठाऊक. पहिल्या बेटाला वळसा घालून सहज मागं पाहिलं, तर तो पट्टा चटईएवढा उरलेला आणि ठेकेदार त्याच्या मधोमध. भाऊ ताडकन उभे राहिले. "पाऊस नाई, पूर नाई, मंग पाणी कुठून चढून राह्यलं?" नाववाल्यानं पुन्हा हात घोट्याला, गुडघ्याला, छातीला लावला. तेव्हा कळलं की त्यात पोरंबाळं कुणाचीच नव्हती.

"फिरव नाव!" भाऊ ओरडले. "माय मेली नोहती वाळूवर. मले त्याले माराचं नाई. बसवाचं होतं फक्त!"

पोचलो तेव्हा ठेकेदार कमरेइतक्या पाण्यात, कॅमेरा डोक्यावर. आम्हाला वाटलं आता भाऊ हात देतील. भाऊंनी नाव हातभर दूरच थांबवली.

"वैनगंगेतली वाळू आठोते का तुले?" एवढ्या वर्षांत भाऊंनी त्याला प्रथमच तू म्हटलं.

"कोणती वाळू? पागल झाला का? हात दे!"

त्याला आठवतच नव्हतं. भाऊंनी त्याला तिथंच, लाटांवर हलत, सगळं सांगितलं. पाणी पोटावर चढलं.

"अरे, मी लहान होतो गा!"

"मीबी लहानच होतो. म्हण, या बाई, बसा नावेत."

"कोणाले म्हणू? इथी कोण बाई आहे?"

"तू म्हण. मी ऐकतो तिच्या बाजूनं."

ठेकेदार पुटपुटला. भाऊ म्हणाले, "मोठ्यानं. माय कानानं कमी ऐके."

"या बाई! बसा नावेत!" आवाज त्या हिरव्या डोंगरांवर आपटून परत आला.

भाऊंनी वाकून त्याला बगलेत धरलं आणि वर ओढलं. गळत, धापा टाकत तो भाऊंच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर टेकायला गेला. भाऊंनी फळीवर पंजा ठेवला.

"तिथी माय बसली आहे."

बाकी फळ्या भरलेल्या. आम्हीही कुणी सरकलो नाही. ठेकेदार छताचा बांबू धरून उभा राहिला.

भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. सागवानाचा वास आला की ते आठवतात, पण डेपोतले नाही, त्या नावेतले. नाववाल्यानं उरलेली सगळी बेटं दाखवली. ठेकेदार दिवसभर उभाच होता, आणि भाऊ शेजारच्या रिकाम्या जागेकडे झुकून एकेक बेट दाखवत हळू आवाजात सांगत होते, "हे पाह्य माय. बसल्या जागून पाह्य. उतराचं काम नाई."