मागचं शीट

माझ्या साडूंइतका मोटारसायकलच्या मागच्या शिटाचा विचार केलेला माणूस आमच्या नगर जिल्ह्यातच काय, मोटारसायकली जिथं तयार होतात त्या कारखान्यांतही सापडायचा नाही. पुढच्या शिटाबद्दल बोलणारे गल्लोगल्ली भेटतात. पिकअप कसा आहे, मायलेज किती देते, घाटात दम धरते का, हे सांगायला चहाच्या टपरीवर उभा असलेला कुणीही चालतो. पण मागं बसणाऱ्याच्या मणक्याला, मांडीला आणि मनाला काय वाटतं यावर अर्धी दुपार बोलणारा, आणि तेही उभ्यानं बोलणारा माणूस मी एकच पाहिला. तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला, यात माझा काही दोष नाही.

उभ्यानं म्हटलं ते उगाच नाही. हे गृहस्थ बसतच नाहीत. आमच्याकडे आले आणि बसा म्हटलं, की सोफ्याच्या हाताला जरासे टेकतात आणि चहा येईपर्यंत मोरीतला गळका नळ, गच्चीतली टाकी आणि शेजाऱ्यांचा कुत्रा या सगळ्यांची विचारपूस करून येतात. लग्नाला गेले की अक्षता टाकता टाकता त्यांचं लक्ष पंगतीकडे असतं, आणि शेवटची जिलेबी ते गाडीला किक मारताना खातात. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम त्यांनी जन्मभर केलं. तिथं त्यांना खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांचा जेवणाचा डबा बसायचा. रेल्वेचं फाटक बंद दिसलं तर तिथं थांबायचं सोडून ते दुसऱ्या फाटकाकडे जातात, तेही बंद असलं तर परत पहिल्याकडे येतात, तोवर ते उघडून पुन्हा बंद झालेलं असतं. एवढं होऊनही आपण वेळ वाचवला याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असतं. आणि या सगळ्या धावपळीत तोंड सतत चालू. गाडी चालवताना तर जास्तच, कारण समोरचा ऐकतोय की नाही हे तेव्हा बघावं लागत नाही.

या बोलण्यामुळेच तो पेट्रोल पंपाचा घोटाळा झाला. त्यांच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. आक्काला, म्हणजे माझ्या मेहुणीला, घेऊन ते तिच्या माहेरी निघाले होते. माहेर पाथर्डीच्या पलीकडचं. आक्का बोलायला मोजकीच. नवऱ्याला नावानं हाक मारायची नाही, रस्त्यात अहो म्हणायला लाज वाटते, म्हणून तिचा सगळा संसार एका ‘हं’वर चालायचा. गाडीवर बसून पदर खोचला की ती ‘हं’ म्हणायची, मग गाडी निघायची. पुढं साडू बोलत राहायचे आणि मागून अधूनमधून ‘हं’ यायचं. त्या दिवशी भिंगार सोडल्यावर ते पंपावर थांबले. वासानं मळमळतं म्हणून आक्का उतरून बाजूला उभी राहिली. टाकी भरली, झाकण लागलं, साडूंनी गाडी चालू केली आणि विचारलं, ‘बसलीस का?’ त्याच वेळी मागच्या टेम्पोवाल्यानं पंपावरच्या माणसाला डिझेल आहे का म्हणून विचारलं, आणि तो म्हणाला, ‘हं.’

झालं. साडू सुटले. करंजीचा घाट चढेपर्यंत ते कारखान्यातल्या नव्या साहेबाची हकिगत सांगत होते. घाटात त्यांना वाटलं, ही गप्प का? मग त्यांनी आपणच ठरवलं की आपण तिच्या भावाबद्दल मघाशी काहीतरी बोललो त्याचा हिला राग आलाय. त्यामुळे तिसगावपासून पुढं ते तिच्या भावाचं कौतुक करत गेले. सासऱ्यांच्या दारात गाडी उभी करून ‘उतर आता, किती रागावशील’ असं म्हणून ते वळले, तर मागं नुसती पिशवी. सासरे दारातच उभे होते. त्यांनी जावयाकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि विचारलं, ‘आमची लेक कुठं हाय?’

लेक मागाहून जीपनं आली. रडली नाही, भांडली नाही, सगळ्यांना पाणी दिलं आणि चुलीपाशी जाऊन बसली. मात्र त्या दिवसापासून ती नवऱ्याच्या गाडीवर पुन्हा बसली नाही. माहेरी जायचं तर एसटी, बाजाराला जायचं तर पायी. कुणी विचारलं तर कंबर दुखते म्हणायची. साडूंनी एसटीत बसणं तर शक्यच नव्हतं, त्यामुळे ती बसमध्ये आणि हे मोटारसायकलवर असा त्यांचा जोडीनं प्रवास चालायचा. हे बसच्या पुढं जायचे, पुढच्या स्टँडवर उभे राहायचे, उभं राहवेना की बस कुठं राहिली ते बघायला उलटे यायचे, खिडकीतल्या आक्काला हात करायचे आणि पुन्हा पुढं जायचे. आक्का पाथर्डीला उतरेपर्यंत यांची पाथर्डी दोनदा झालेली असायची.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांचं चित्त ठिकाणावर राहीना. सकाळी उठून करायचं काय? एक दिवस हिवरे बाजारला जाऊन बांध बघून आले, दुसऱ्या दिवशी तेच बांध पुन्हा बघून आले. मग एका सकाळी आमच्या दारात उभं राहून त्यांनी जाहीर केलं की आता आक्काला घेऊन भंडारदऱ्याला जायचं, गाडीवर. ‘आपल्याच जिल्ह्यात एवढं पानी हाय आणि हिनं जल्मात बगितलं न्हाई,’ ते म्हणाले. आक्काची कंबर दुखते हे त्यांनी इतकी वर्षं खरं धरलं होतं, त्यामुळे सगळा दोष त्यांनी मागच्या शिटावर टाकला. असं शीट शोधायचं की त्यावर बसलेल्या बाईला आपण घरातच बसलोय असं वाटलं पाहिजे. आणि यासाठी त्यांना मी हवा होतो, कारण गाडी कुणीतरी चालवायला हवी होती. मागं ते स्वतः बसणार होते.

त्या काळात नगर शहरातल्या एकाही मोटारसायकलच्या दुकानात आम्ही तोंड दाखवायचं शिल्लक ठेवलं नाही. दुकानातले लोक ‘काका, चालवून बघा’ म्हणायचे, की साडू माझ्याकडं बोट दाखवायचे आणि मागं बसून डोळे मिटून घ्यायचे. हातात ताकानं काठोकाठ भरलेला पेला. मी घामाघूम होऊन नागापूरच्या कारखान्यांमधल्या रस्त्यावरून गाडी न्यायची, खड्डे चुकवायचे नाहीत, गतिरोधकावर ब्रेक मारायचा नाही, अशी ताकीद होती. ताक किती सांडलं यावर शॉकअप कसे आहेत ते ठरायचं. संध्याकाळी त्यांच्या पँटला लोण्याचा वास यायचा. एका गाडीचं मागचं शीट पुढं उतरतं होतं, तर ते म्हणाले की हिच्यावर मागचा माणूस घरंगळून पुढच्याच्या पाठीवर येतो, ही लग्नाआधीची गाडी आहे. दुसरीचं शीट इतकं उंच होतं की माहेरी गेल्यावर हिला उतरवायला शिडी आणावी लागेल म्हणाले. तिसरीला मागं पापडाएवढी गादी होती. ती दाखवणाऱ्या माणसाला त्यांनी अगदी मायेनं विचारलं, ‘तुमचं लगीन व्हायचंय का?’

या संशोधनाला माझ्या बायकोनं एका वाक्यात सुरुंग लावला. एकदा आमच्या ओट्यावर साडू पाय फाकवून शीट किती रुंद हवं ते दाखवत होते. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘पन दाजी, आक्का एका अंगाला बसते ना?’ साडूंचा पाय हवेतच राहिला. साडी नेसणारी बाई दोन्हीकडे पाय टाकून बसत नाही, हे या माणसानं इतके दिवस ध्यानातच घेतलं नव्हतं. स्वतः बसायचं म्हणून स्वतःसारखं बसून बघितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गाड्या पहिल्यापासून पुन्हा, आणि साडू मागं एका अंगाला. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात ताक, दोन्ही पाय डावीकडे जुळवून ठेवलेले, आणि त्यांची पांढरी भरघोस मिशी वाऱ्यावर. सावेडीच्या रस्त्यावर लोक रिक्षा थांबवून बघायचे. मला माझ्या शाळेतल्या विद्यार्थ्यांनीही बघितलं. साडूंना कशाचंच काही नव्हतं. उलट एका अंगाला बसल्यावर रस्त्याची एकच बाजू दिसते, बाकी सगळं पुढच्या माणसावर सोडावं लागतं, असं काहीतरी ते पुटपुटत होते, ते मला त्या वेळी कळलं नाही.

अखेर एक गाडी पसंत पडली. लांब पल्ल्याची, दणकट, मागं सोफ्यासारखी गादी आणि पाठ टेकायला उशी. सामानाच्या पेट्या डाव्या बाजूला होत्या त्या त्यांनी काढायला लावल्या, नागापूरच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून साडीगार्ड आणि दोन्ही पाय मावतील अशी रुंद पट्टी बसवून घेतली. गाडी दारात आली त्या दिवशी आम्ही सगळे जमलो होतो. हार घातला, नारळ फुटला, आक्कानं गाडीला ओवाळलं आणि ताट घेऊन ती सरळ आत गेली. साडू दारातून गादीचे गुण सांगत राहिले. आतून उत्तर आलं की भंडारदऱ्याला अकोले गावावरून एसटी जाते, ती चौकशी करून ठेवली आहे.

मी साडूंना इतकं कावरंबावरं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. ते गाडीपाशी जायचे, उंबऱ्यापाशी यायचे, उशी थोपटायचे, पुन्हा यायचे. शेवटी आक्का पिठाचे हात घेऊन दारात आली.

‘गाडी चांगली हाय,’ ती म्हणाली. ‘पन मी थांबा म्हटल्यावर तुमी थांबाल का?’

साडू लगेच सांगू लागले की ब्रेक डिस्कचे आहेत, पुढंही आणि मागंही.

‘ब्रेकचं न्हाई इचारत मी.’ ती थोडा वेळ हातावरचं पीठ चोळत राहिली. ‘लहानपनी ऊस तोडायला जाताना आमाला ट्रकात मागं सामानावर बसवायचे. एकदा माझी चप्पल पडली रस्त्यात. थांबा थांबा म्हनून लई वरडले, पुढं कुनाला ऐकूच गेलं न्हाई. सगळा हंगाम अनवानी काढला. पंपावरून तुमी निघून गेलात ना, तवा मी तशीच वरडले हुते.’ मग ती अगदी हळू म्हणाली, ‘कंबर न्हाई दुखत माझी. मागं वळून बगत जा, एवढंच हाय.’

माझ्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला. तीही त्याच ट्रकमध्ये असायची, आईच्या मांडीवर. मला वाटलं आता साडू काहीतरी बोलणार, गाडी चालू करणार, निदान नळ बघायला जाणार. ते पायरीवर बसले. नीट, पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीला लावून बसले. आणि म्हणाले, ‘हं.’

आक्कानं हात धुतले, पदर खोचला आणि ती गाडीवर जाऊन एका अंगाला बसली. साडूंनी हेल्मेट घातलं, ऐकू यावं म्हणून त्याची काच वर केली, गाडी चालू केली आणि विचारलं, ‘बसलीस का?’ आक्का काहीच बोलली नाही. बसली होती, आम्हाला सगळ्यांना दिसत होती, पण बोलली नाही. इंजिन गुरगुरत होतं. साडूंचा एक पाय जमिनीवर नाचत होता, पण गाडी तसूभर पुढं सरकली नाही. मग त्यांनी मान वळवली आणि मागं बघितलं. तेव्हा कुठं ती म्हणाली, ‘हं.’ कोपऱ्यापर्यंत जाऊन तिनं उगाचच थांबा म्हटलं, आणि ते थांबले.

मग एकदा निघाले, तेव्हा भंडारदऱ्याला पोचायला त्यांना दोन दिवस लागले. आक्का थांबा म्हणेल तिथं थांबले, न म्हणताही थांबले. संगमनेरला पेरू घ्यायला, राजूरला नुसतंच झाडाखाली, आणि धरणावर तर ती पाण्याकडं बघत बसली तितका वेळ हेही शेजारी बसले होते म्हणे. आल्यावर मी विचारलं कसं काय झालं, तर त्यांनी शिटाचं नावही काढलं नाही. ‘साडूभाऊ,’ ते म्हणाले, ‘एवढी वर्सं ती एसटीत आणि मी पुढं. पुढं पोचून मी काय केलं हो?’

आता आक्काचे गुडघे खरंच दुखतात. गाडीवर चढायला तिला हात द्यावा लागतो आणि लांबचं जाणं कमी झालंय. परवा भिंगारच्या पुढं त्याच पंपावर ते दोघं मला भेटले. साडूंची टाकी भरून झाली होती. आक्का पाणी प्यायला पलीकडं गेली होती आणि तिथून सावकाश येत होती. मागं गाड्यांची रांग लागली होती, लोक हॉर्न वाजवत होते. साडूंनी गाडी ढकलत बाजूला घेतली आणि ते गाडीपाशीच उभे राहिले. मी म्हटलं, चला, पुढच्या हॉटेलात चहा घेऊ.

‘तुमी व्हा पुढं,’ साडू म्हणाले. ‘ती यायचीय.’

मी माझी गाडी काढून पुढं झालो. आरशात बघितलं तर ते माझ्याकडं पाठ करून उभे होते.