शालीतला बोआ
दह्याचा आंबटसर वास आला की मला अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावातला पहिला हिवाळा आठवतो. दही लागावं म्हणून मी पातेलं आईच्या शालीत गुंडाळून हीटरजवळ ठेवायचो. एका सकाळी शालीत हात घातला, तर काहीतरी जड, गुळगुळीत माझ्या मनगटाभोवती आवळलं गेलं. अमेरिकन रूममेटने पाळलेला बोआ, अजगरासारखाच साप, काचेच्या पेटीतून निसटून तिथे उबेला बसला होता. खोलीत आमच्यासोबत राहणारा नागपूरचा मित्र पलंगावर चढून म्हणाला, “हलू नको बे, अजून आवळते तो!” तेवढ्यात रूममेट धावत आला आणि शेपटीकडून एकेक वेढा सोडवत हसला, “थंडी वाजत होती रे त्याला.” आज ते पटतं. तेव्हा मात्र मी संध्याकाळपर्यंत बोटं हलवून बघत होतो.