बालाजीला न पोचलेले पैसे

अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही जमलं नाही. कधी कोणाच्या हाती ही पानं लागलीच तर चुकांबद्दल माफ करावं. चौथीनंतर मी पेन धरला तो ब्लाउजची मापं लिहायलाच. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून जे तिथे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, सौंसरला एका सरकारी ऑफिसात बाबू होते. आता पेन्शनवर आहेत आणि इथे पांढुर्ण्यात आमच्या शेजारीच राहतात. अंगण एक, चुली दोन. गल्ली त्यांना बाबूजी म्हणते. नोकरीत असताना त्यांना कसल्याशा ट्रेनिंगला हैदराबादला पाठवलं होतं. तेवढ्या भांडवलावर ते आजपर्यंत बोलत आले आहेत. गल्लीत नाली तुंबली की हैदराबाद, लाइट गेली की हैदराबाद. नागपूरला ते खेडं म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "चल, तुम्हा दोघायले हैदराबाद दाखवतो. तिथून गिरी बालाजीही करून येऊ."

गिरी बालाजी म्हणजे तिरुपती. तो त्यांनी का जोडला ते मला तेव्हाच कळलं. आमच्या गल्लीत नुसतं फिरायला जातो म्हटलं तर लोक म्हणतात, पैसा जास्त झाला. देवाचं नाव घेतलं की तीच यात्रा होते, आणि लोक नारळ घेऊन निरोप द्यायला येतात.

तसे लोक आलेच. आमच्याकडे मोठ्या देवाला कोणी निघालं की ज्यांना जाता येत नाही त्या बाया आपल्या नावाने हुंडीत टाकायला पैसे देतात. कोणी वीस, कोणी पन्नास. सगळ्या बायांनी पैसे माझ्याकडे दिले, माझ्या जावेकडे नाही, तीही सोबत निघाली होती तरी. मी साड्यांना फॉल-पिको करते. कोणाच्या साडीचा धागा माझ्याकडे राहिलेला नाही. शेजारची आजी सगळ्यात शेवटी आली. तिची नात तिगावला दिली आहे. दोन मुलं पोटातच गेल्यावर तिसऱ्या वेळी ती नीट बाळंत झाली होती, आणि आजीने बालाजीला नवस बोलला होता. तिने पाचशे एक रुपये माझ्या मुठीत दाबले. "माह्या नावानं टाकजो पोरी. अन् सांगजो त्याले, पोरगी सुखरूप सुटली म्हणून."

मी सगळे पैसे एका हिरव्या रुमालात गाठ मारून बांधले. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर भासरे नवऱ्याला म्हणाले, "गाडीत पाकीटमार असतात. तो रुमाल माह्याजवळ दे." भासऱ्यांसमोर मी बोलत नाही. नवऱ्याने माझ्याकडे हात पुढे केला, माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. भावाने सांगितलं की माझ्या नवऱ्याचा हात आपोआप पुढे होतो.

हैदराबाद ज्यांनी उभं-आडवं पाहिलं होतं त्यांना स्टेशनाबाहेरचा रस्ता सापडेना. शेवटी एका ऑटोवाल्याला विचारलं. तो "हौ" म्हणाला, आम्ही होला म्हणतो तसंच. झालं! भासरे खूश. "अरे, हा तर आपल्याकडचाच दिसते." तिथे सगळेच हौ म्हणतात, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. गाववाला समजून त्यांनी भाव केला नाही, आणि त्या माणसाने आम्हाला बराच वेळ फिरवून स्टेशनामागच्याच लॉजवर उतरवलं. भासऱ्यांनी जाताना त्याला वर चहाला पैसे दिले.

चारमिनारसमोर ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आम्ही तिघे वाट पाहत होतो की आता काही सांगतील.

"चार मिनार आहेत," ते म्हणाले, "म्हणून चारमिनार."

एवढं ज्ञान घ्यायला आम्ही रात्रभर बसून आलो होतो. जाऊ मात्र मान हलवत होती, जणू तिला पाच दिसत होते.

गोवळकोंड्याच्या किल्ल्यात खालच्या दरवाजात टाळी वाजवली की ती पार वर ऐकू येते, असं तिथला गाइड दुसऱ्या लोकांना सांगत होता. गाइडला पैसे द्यायला नको म्हणून आम्ही त्याच्यामागे चालत होतो. भासऱ्यांनी नवऱ्याला वर पिटाळलं. "तू वर जाय, मी वाजवतो." नवऱ्याला दम्याचा त्रास आहे. तो गेला. भासऱ्यांनी दोनदा टाळी वाजवली, मग त्यांना उसाचा रस दिसला. खूप वेळाने नवरा घामाघूम होऊन खाली आला.

"आलं का ऐकू?"

"हो दादा. एकदम साफ."

रात्री मला म्हणाला, काहीच ऐकू आलं नाही. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. दया यायला हवी होती, आली नाही.

मग मोत्यांचं दुकान. जावेला माळ हवी होती. दुकानदाराने मोती काचेवर घासून दाखवले, भासऱ्यांनीही एक घासून पाहिला आणि जाणकारासारखे "हं" म्हणाले. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा पाकीट पुरलं नाही. त्यांनी दुसऱ्या खिशात हात घातला आणि माझा हिरवा रुमाल बाहेर काढला.

मी नवऱ्याचा शर्ट मागून ओढला. तो हळूच म्हणाला, "दादा, ते बालाजीचे..."

"मले माहीत आहे कोणाचे आहेत ते. घरी गेल्यावर भरून टाकू. देव काय व्याज लावते?"

जाऊ हसली. दुकानदारही हसला, त्याला मराठी कळत नसताना. गाठ सुटत नव्हती तेव्हा भासऱ्यांनी ती दातांनी सोडली.

पुढच्या दिवशी समजलं की बालाजीचं तिकीटच काढलेलं नव्हतं. "तिथं दर्शनाचं बुकिंग महिनाभर पहिले करा लागते," भासरे म्हणाले, म्हणजे हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. परतीच्या वाटेवर ऑटोतून रस्त्याकाठी बालाजीचं एक लहान देऊळ दिसलं. त्यांनी बसल्या बसल्या हात जोडले. "घ्या, झालं दर्शन." ऑटो थांबलाही नाही.

पांढुर्ण्याला उतरल्यावर ते आम्हाला बाकावर बसवून गेले आणि मिठाईवाल्याकडून बुंदीचे लाडू घेऊन आले. घरी आल्यावर जावेने त्यांचे तुकडे करून कागदाच्या पुड्या बांधल्या. पुड्यांची परात तिने माझ्यासमोर सरकवली.

"तूच वाट. तुह्यावर बाया भरोसा करतात."

आयुष्यात तिने माझी केलेली ही एकच स्तुती.

तेवढ्यात आजी आली. यात्रेहून आलेल्याच्या पाया पडायची आमच्याकडे रीत आहे, लहानमोठं पाहत नाहीत. सत्तरीच्या वरची बाई माझ्यासमोर वाकली. "टाकले न पोरी? सांगितलं न त्याले?"

मी पाय मागे घेतले. आत भासरे खोकले, म्हणजे मला इशारा.

"आजी, आम्ही बालाजीला गेलोच नाही," मी म्हणाले. "पैसे भासऱ्यांकडे आहेत. हा लाडू स्टेशनजवळचा आहे."

आजी सरळ झाली. भासऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसली.

संध्याकाळपर्यंत तिथे सहा-सात बाया बसल्या होत्या. कोणी वाती वळत होती, कोणी शेंगा सोलत होती. भासरे बाहेर आले की एक म्हणायची, "बाबूजी, चारमिनारच्या हुंडीत टाकले का जी?"

दुसरी म्हणायची, "काहून, मोत्याच्या दुकानात नाही का हुंडी?"

"पेन्शन येऊ द्या, देतो नं. मी काय पळून जाऊन राहिलो?"

"नाही जी, पळा कायले? तुम्ही तर बसल्या बसल्या दर्शन घेता."

हे ऑटोतलं त्यांना कोणी सांगितलं ते मी लिहिणार नाही.

बाया रोज यायला लागल्या. जाऊ माझ्याशी बोलेनाशी झाली, माझं काही अडलं नाही. नवरा म्हणाला, "दादाची इज्जत घालवली तू." मी म्हटलं, रुमालात बांधून दिली असती तर तीही मोत्यात गेली असती. हे मनातच म्हटलं.

पेन्शन आली. भासऱ्यांनी दोघींचे दिले. पुढच्या महिन्यात आणखी तिघींचे. ज्याच्या तोंडी हैदराबाद सोडून शब्द नव्हता, तो माणूस गल्लीतून मान खाली घालून जायला लागला. आजीचे सगळ्यात जास्त होते म्हणून तिला शेवटी ठेवलं. ती थंडीत शाल पांघरून येऊन बसायची. एकदा म्हणाली, "मी मरायची वाट पाहून राहिले का बाबूजी?"

होळीच्या आधी त्यांनी बाहेर येऊन तिच्यापुढे पाचशेची नोट धरली. आजीने ती उन्हात पाहिली, कनवटीला लावली आणि हात तसाच पुढे ठेवला.

"वरचा एक?"

"आता एका रुपयासाठी..."

"तुमचा असता तर सोडला असता. त्याचा आहे."

भासरे आत गेले. डबे वाजले, जावेशी काही कुरबुर झाली. बऱ्याच वेळाने ते रुपया घेऊन आले आणि आजीच्या हातावर ठेवला. आजी उठली, गुडघे धरून ओटा उतरली आणि घरी गेली. आता कोणाचंच देणं राहिलं नव्हतं.