आईला आणण्यासाठी लावलेलं जंगल

हल्ली शेतात झाडं लावणाऱ्यांचे सत्कार होतात. झाडं म्हणे हवेतला कार्बन गिळतात आणि पृथ्वीचा ताप उतरवतात. उतरवत असतील. एकोणीसशे ऐंशी साल उलटल्यावर आम्ही आमच्या कपाशीच्या शेतात जंगल लावलं, तेव्हा हवेची काळजी आमच्याकडे कोणी करत नव्हतं. माझा हेतू तर अगदीच आपमतलबी होता. मला माझी आई नागपूरला, माझ्या घरी, कायमची हवी होती.

वडील गेले आणि नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावी आई एकटी उरली. मी एकुलती एक, लग्न होऊन नागपुरात, सदरमधल्या एका कचेरीत टायपिस्ट. बोटं मशीनवर चालायची आणि डोकं गावी असायचं. आई आज जेवली असेल का, विहिरीवर पाय घसरला तर कोणाला कळेल? स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. नवरा म्हणायचा, हिला काळजी करायला काही सापडलं नाही, तर त्याचीही काळजी करील. बरोबरच म्हणायचा, पण म्हणून माझी काळजी कमी होत नव्हती.

आईला म्हटलं, शेत विकून टाक. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा विकण्याचं नाव काढलं नाही. ठोक्यानं, म्हणजे वर्षाचे ठरावीक पैसे घेऊन दुसऱ्याला कसायला दे म्हटलं, तर म्हणाली, "दुसऱ्याच्या हातात गेलं का वावराची माती होते." मग पडीत ठेव म्हटलं.

"आन लोकाईनं येता-जाता थुंकावं? म्हणतीन, नवरा मेला तं बाईनं वावर सोडलं."

त्याच सुमारास सरकारी रोपवाटिकेतून शेतकऱ्यांना सागाची, कडुनिंबाची रोपं मिळू लागली होती. कचेरीतल्या कोणीतरी ते सांगितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जंगलाला पेरणी नाही, निंदण नाही, वेचणी नाही. शेत विकलंही जात नाही आणि पडीतही राहत नाही. झाडं आपली आपण वाढतील आणि आई मोकळी होईल. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले, की रविवारची वाट न बघता रजा टाकून एसटीत बसले. आईनं सगळं ऐकून घेतलं, वावराकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "झाडं तं झाडं." त्या उन्हाळ्यात खड्डे झाले, पावसात रोपं लागली. मी घरात तिच्यासाठी पलंगाची जागासुद्धा ठरवून टाकली.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानातच आली नाही. कपाशीची शेवटची वेचणी झाली, पऱ्हाट्या उपटल्या, की शेत रिकामं होतं. आमच्याकडे त्याला उलंगवाडी म्हणतात. उलंगवाडी झाली की आई दरवर्षी पिशवी भरून माझ्याकडे यायची, ती पाऊस तोंडावर आला की परत जायची. तो सगळा उन्हाळा माझा असायचा. गच्चीवर कुरड्या घालायची, शेजारणींशी भांडायची, मी कचेरीतून आले की दारातच म्हणायची, "तोंड काहून उतरलं वं?" जंगलाला उलंगवाडी नसते. आईला कायमची आणायला निघालेली मी हातातला उन्हाळाही घालवून बसले होते.

पहिल्या उन्हाळ्यात ती म्हणाली, रोपं लहान आहेत, पाणी घालावं लागतं. दुसऱ्या उन्हाळ्यात बकऱ्या शिरत होत्या. पुढे आगीची भीती सुरू झाली. उन्हाळ्यात आमच्याकडे शेतकरी धुरे, म्हणजे दोन शेतांमधले बांध, पेटवून साफ करतात. शेजारी मोकळं शेत असलं तर आग जाईल कुठे? पण आमच्याकडे आता कमरेएवढं वाळलेलं गवत होतं आणि खाली सागाच्या पानांचा थर. आई कडेकडेनं गवत खरवडून पट्टा मोकळा करायची आणि चैत्र-वैशाखात दिवसदिवस तिथे राखण करत बसायची. माझा उन्हाळा सागानं खाल्ला.

मी दर रविवारी एसटीनं जाऊ लागले. आईला भेटायला जाते असं म्हणायचे, पण आधी झाडांची उंची बघायचे. एकदाची ती मोठी व्हावीत आणि हिला सोडावीत, एवढंच मला हवं होतं. माझ्या खांद्याला लागली, डोक्यावर गेली, तरी आईचं आपलं तेच.

"एवढा उन्हाळा निघू दे. मंग येतो."

"मागच्या सालीही हेच म्हटलं होतं तू!"

"मंग गवत काय मागच्याच साली वाळते काय?"

एकदा मी चिडून विचारलं, पोटची मी आहे का ही झाडं? ती खळखळून हसली. तिनं ओरडायला हवं होतं, हसायला नको होतं. मी तशीच उठून बसथांब्यावर जाऊन उभी राहिले, बस यायला कितीतरी वेळ असताना. झाडांचा इतका राग कोणी केला नसेल. पान गळालं तरी मला बरं वाटायचं.

मग एका वैशाखात मला कावीळ झाली. नवऱ्यानं एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला आणि परतीच्या बसनं आई आली. डोळे उघडले की ती उशाशी असायची. पेज पाजायची, कपाळावर ओला फडका ठेवायची. अंगात उठायचं त्राण नव्हतं, पण मन कुठे थांबतंय? मी सारखी विचारायची, "माय, तिकडं कोन आहे?" ती म्हणायची, "आहे ना शेजारी. तू झोप."

एके दुपारी तो शेजारी, आमच्या धुऱ्याला लागून ज्याची संत्र्याची बाग होती तो, दारात आला. आई बाहेर जाऊन त्याच्याशी बोलली. आत मला फक्त कुजबुज ऐकू येत होती. ती परत आली आणि पेज ढवळू लागली.

"काहून आला होता?"

"बाजाराले आला होता. तुई तब्येत पुसून गेला."

मी बरी होऊन चालती-फिरती झाले, तेव्हा पाऊस जवळ आला होता. आईला पोचवायला मी हट्टानं सोबत गेले. थांब्यावरून शेताच्या वाटेला लागलो, आणि वळणावर माझे पायच थांबले. धुऱ्यापासून विहिरीपर्यंत सगळं काळं. खाली राख, वर काळी पडलेली खोडं, कुठेकुठे भाजलेली पानं. मी किंचाळले. आई पुढे चालत राहिली. ती दचकलीसुद्धा नाही.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"त्या दिवशी तो हेच सांगायले आला होता?"

"एका बाजूनं जळलं होतं. म्हने, चाल, दुसरी बाजू तरी राखू. मी म्हटलं, नाही येत."

"मले काहून नाही सांगितलं वं?"

"तू उठून पळाली असती. तुले एका जागी बसनं जमते काय?"

मी तिथेच राखेत बसले आणि हमसून हमसून रडू लागले. आई परत फिरली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि पदरानं माझं तोंड पुसत म्हणाली, "नको रडू वं. सागाचं मूळ मरत नाही. खालून छाटलं का पुन्हा फुटते." तिला वाटलं, मी झाडांसाठी रडते आहे. झाडांचं मला त्या क्षणी काहीच वाटत नव्हतं. तिनं सगळं जंगल जळू दिलं होतं आणि माझ्या उशाशी बसून पेज ढवळली होती. मी आनंदानं रडत होते. पण त्या काळ्या शेतात हे तोंडानं कसं सांगणार? "हो, फुटन," एवढंच म्हटलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

त्यानंतर नागपूरला चल म्हणून मी तिला कधी छळलं नाही.