रजिस्टरात न सापडणाऱ्या बायका

खरं सांगा, वाचनालयाच्या रजिस्टरात बाईचं नाव दिसलं, नावापुढं पुस्तकाचं नाव दिसलं, की त्या बाईनं ते पुस्तक वाचलं असं तुम्ही धरून चालता की नाही? कशावरून? तिला उंबरा ओलांडताना कुणी बघितलं होतं? का छापील रकाना दिसला की तुमची अक्कल गहाण पडते?

मंगल धरून चालत नाही. कृष्णाकाठच्या एका बागायती गावात ती एकोणीस वर्षं वाचनालय झाडते, उघडते, बंद करते. गावाचं नाव इथं लिहिलेलं नाही. का, ते पुढं कळेल. कागदावर ग्रंथपाल म्हणून विश्वजीत आहे, अध्यक्षांचा पुतण्या. तो वर्षातून दोन दुपारी येतो, चहा मागवतो आणि एका बैठकीत सहा महिन्यांचं देवघेव रजिस्टर भरून टाकतो. तपासणीला महिला विभाग भरलेला दिसावा लागतो, मग कमिटीच्या घरोघरच्या बायका रजिस्टरात पुस्तकं नेतात आणि परत आणतात. खऱ्या बायकांनी वाचनालयाची पायरीसुद्धा चढलेली नसते.

मंगल मूळची म्हसवडकडची, मेंढरामागं वाढलेली. तिचा बाप संध्याकाळी वाड्यात आलेली मेंढरं मोजायचा नाही, तोंडं बघायचा. म्हणायचा, "आपलं एक गेलं न् दुसऱ्याचं एक घुसलं, तर आकडा तेवढाच ऱ्हातोय की गं." सातवीनंतर शाळा सुटली, पण हे तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

तर एका बुधवारी वाचनालयात एक पोरगी आली. पाठीवर सॅक, हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर अध्यक्ष लालासाहेबांची सही. मंगलच्या कपाळावर आठी पडली. लालासाहेबांनी वाचनालयाला आजवर एकच प्रकारची चिठ्ठी धाडली होती: सतरंजी पाठवून दे, खुर्च्या पाठवून दे.

"कुठली गं तू?"

"पाटणची, मावशी. प्रांजल. विद्यापीठात स्त्री-अभ्यास शिकते. गावाकडच्या बायका काय वाचतात त्यावर प्रकल्प आहे. पाच वर्षांची रजिस्टरं बघायची होती."

"बघ की. बघायला काय पैसं पडत्यात?"

मंगलनं रजिस्टरं आनंदानं काढून दिली. खोटं दाखवायला कोण घाबरतंय? पण पोरगी मोबाइलनं पानापानाचे फोटो काढायला लागली, तशी मंगल तेच टेबल चार वेळा पुसून आली. ही विद्यापीठाची की अध्यक्षांची?

आता तिच्या भीतीचं कारण सांगायला पाहिजे. रजिस्टराबाहेर मंगलचं दुसरंच वाचनालय चालायचं. कापडी पिशवीत खाली पुस्तक, वर मेथीची पेंडी. पिशवी गल्लीतून फिरायची, मागच्या दारानं घरात जायची. नोंद कुठंच नाही. कोणी सासूला चोरून वाचायची, कोणी नवऱ्याला. कुठं अडलं तर पुस्तकात चिठ्ठी घालून परत पाठवायची. उत्तर लिहायच्या विजयमालाबाई, रिटायर झालेल्या शिक्षिका. त्या रोज सकाळी पेपर वाचायला येत.

या पिशवीतलं सगळ्यात जड पुस्तक वारसाहक्काच्या कायद्याचं होतं. ते वाचत होती संयोगिता, खुद्द लालासाहेबांची सून. तिचा नवरा फौजेत होता, तीन वर्षांमागं वारला. त्याच्या वाट्याच्या उसाच्या रानावरचा हक्क तिनं सोडावा म्हणून सासऱ्यानं कागद तयार करून ठेवला होता. येत्या सोमवारी नोंदणी कचेरीत सही. आणि आठवडाभर सासऱ्याच्या वाड्याच्या मागच्या दारातून कुणाला आत सोडत नव्हते. भाजीवालीलासुद्धा नाही. म्हाताऱ्याला वास आला होता.

गुरुवारी प्रांजल रजिस्टर घेऊन मंगलसमोर बसली.

"मावशी, वाचनालयाला सुट्टी कधी असते?"

"सोमवारी."

"मग एवढ्या बायका सोमवारीच पुस्तकं कशी नेतात?"

मंगलनं फडकं उचललं.

"आणि सहा महिन्यांची शाई एकच, पेन एकच. पुस्तकं नेली वेगवेगळ्या दिवशी, परत मात्र सगळी एका तारखेला. बरं, या बनुबाई. यांच्या शोकसभेचा फोटो तुमच्याच भिंतीवर आहे. त्या वारल्या एकवीस साली. आणि बाविसात त्यांनी पाककृतीची दोन पुस्तकं नेलीत."

"मेल्यावर येळ मिळाला आसंल," मंगल म्हणाली. "जित्या बाईला कुठला मिळतोय."

प्रांजल फस्सकन हसली. मंगल हसली नाही. रजिस्टर खोटं हे कळणारी पोरगी धोक्याची. आजवर येणारे मास्तर लोक आकडे उतरवून घेत, चहा पीत, जात.

ही गेली नाही. उठून कपाटापाशी गेली, एकेका फळीपुढं वाकून धूळ बघायला लागली. एका फळीवर सगळीकडं बोटभर धूळ आणि एकाच पुस्तकापुढं पुसलेला पट्टा. तिनं ते ओढलं. वारसाहक्काचं पुस्तक. पानांच्या कडेला हळदीची बोटं. चौसष्टाव्या पानात गोळ्यांच्या पाकिटाचा कागद दुमडून घातलेला आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं: 'सही केल्यावर माघारी फिरता येतं का? कळलं नाही. सोमवारच्या आत सांगा.'

मागच्या दारावर पहारा बसायच्या आदल्या दिवशी ते परत आलं होतं. घाईत तसंच फळीवर ठेवलं, म्हणून चिठ्ठी आत आहे हे मंगललाही माहीत नव्हतं.

"हे कुणाचं, मावशी?"

मंगलनं कागद तिच्या हातातून हिसकला. "फोटू काढलास?"

"नाही."

"मोबाइल दाव. हिकडं आण. लालासायबानं धाडलंय न्हवं तुला? कायद्याचं पुस्तक कोण नेतंय ते हुडकायला?"

"आवं मावशी, त्यांच्या चिठ्ठीशिवाय विश्वजीतसर रजिस्टरं देईनात. मी अध्यक्षांना सांगितलं, बायकांच्या धार्मिक वाचनावर लिहितेय. मग लगेच सही दिली."

"म्हंजी त्येंच्याशी खोटं बोललीस. माज्याशी खरं बोलतीयास कशावरनं?"

प्रांजलनं मोबाइल उघडून मंगलच्या पुढं ठेवला. मंगलनं बोटानं एकेक फोटो सरकवला. रजिस्टर, रजिस्टर, रजिस्टर. चिठ्ठी नव्हती. तरी मंगलच्या जिवाला थारा नव्हता.

शुक्रवारी सकाळी तिनं पेपराच्या घडीत घालून कागद विजयमालाबाईंना दिला. बाईंनी चष्मा सावरला, पाठीमागच्या कोऱ्या जागेवर लिहिलं आणि घडी परत केली. पण उत्तर वाड्यात न्यायचं कसं? शनिवार, रविवार, की सोमवार आलाच.

दुपारी खुद्द लालासाहेब आले. गाव त्यांना आबा म्हणतं. खुर्चीत बसले, काठी मांडीवर घेतली.

"काय बाळ, झाला का अभ्यास? काय सापडलं?" नजर मात्र मंगलवर. "मंगल, कायद्याची पुस्तकं हायती का गं आपल्याकडं? कोण नेतंय?"

मंगलच्या हातातलं फडकं थांबलं. आता ही पोरगी तोंड उघडणार.

प्रांजलनं रजिस्टर उचललं आणि आबांपुढं पसरलं. "कायद्याची एकही नोंद नाही, आबा. पाच वर्षांत एकही नाही. हे बघा ना. उलट तुमच्या घरातलं वाचन बघून मी थक्क झाले. संयोगिताताई, एका वर्षात अठ्ठेचाळीस पुस्तकं! सगळी व्रतवैकल्यं, भाज्या नि लोणची."

आबांच्या मिशा हलल्या. पुतण्यानं कुणाची नावं कुठं घातलीत हे त्यांना काय ठाऊक! छापील रकान्यात सुनेचं नाव अठ्ठेचाळीस वेळा. माणूस खुलला.

"आमच्या घरात संस्कारच तसं हायती. आसं कर, उद्या दुपारी जेवायलाच ये. सुनंची मुलाखत घे. तिचंबी मन जरा रमंल."

काठी टेकत आबा गेले. मंगल त्या पोरीकडं बघत राहिली. ज्या खोट्या रजिस्टरावर ती एकोणीस वर्षं थुंकत आली होती, त्यानंच आज खऱ्या बाईला झाकलं होतं. आणि ते कुठं धरायचं हे या पोरीला बरोबर कळलं होतं. का जास्तच बरोबर? उद्या तिथं आबांनी चार गोड शब्द विचारले, की हीच सगळं ओकली तर?

फार विचार करायला सवड नव्हती. पिशवी एकच, वाट एकच. शनिवारी सकाळी मंगलनं चौसष्टाव्या पानात कागद घातला, पुस्तकाला पोथीचं लाल कापड गुंडाळलं आणि ते प्रांजलच्या सॅकमध्ये आपल्या हातानं ठेवलं.

"पोरी, हे संयोगिताच्याच हातात दे. ह्यात एका बाईचं रान हाय. तुजा परकल्प न्हाई. कळलं?"

"कळलं, मावशी."

"काय कळलं ते सोमवारी बघू."

प्रांजल जेवून आली, तेव्हा सॅक रिकामी होती. "पोथी दिली," एवढंच म्हणाली. मंगलनं दहा प्रश्न विचारले. कोण होतं, कुठं बसलावता, कापड कुणी सोडलं, आबा कुठं होते. उत्तरं जुळली. तरी रविवारी तिला अन्न गोड लागलं नाही.

सोमवारी वाचनालयाला सुट्टी. मंगल तालुक्याच्या नोंदणी कचेरीबाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी उभी राहिली. आबांची गाडी आली. संयोगिता उतरली, पदर डोक्यावर, मान खाली. आत अधिकाऱ्यानं रोजच्यासारखं, मान वर न करता विचारलं, "ताई, सही स्वखुशीनं करताय ना?"

विजयमालाबाईंनी चिठ्ठीच्या पाठीमागं एवढंच लिहिलं होतं: 'सही झाल्यावर माघारी फिरणं लय अवघड. पण सहीआधी कचेरीतला साहेब तुला विचारणार. त्याच्याकडं बघून उत्तर दे.'

संयोगितानं मान वर केली. "न्हाई."

आबांनी काठी आपटल्याचा आवाज झेरॉक्सच्या दुकानापर्यंत आला. मंगल तिथून हलली नाही. संयोगिता बाहेर येऊन, गाडीत न बसता, माहेरच्या एसटीची वाट बघत उभी राहिली, तेव्हा कुठं मंगलनं पाय मोकळे केले. पुढं रानाचं भांडण कोर्टात गेलंय. ते सोपं नाही, पण त्या कागदावरची सहीची जागा अजून कोरीच आहे.

प्रांजलनं प्रकल्प लिहिला. गाव नाही, नावं नाहीत. धूळ कुठं पुसलीय ते बघा, पानाला काय लागलंय ते बघा, सुट्टीच्या वारी कोण आलं ते बघा, असं तिनं मागून येणाऱ्या पोरींसाठी लिहून ठेवलं. छापलेली प्रत घेऊन ती मंगलला दाखवायला आली. मंगलनं शब्दन् शब्द बोट ठेवून वाचला. मग म्हणाली, "फोटू पुसलंस का?"

"पुसले, मावशी."

"दाव."

आता तुम्हाला. हे गाव कोणतं ते शोधत बसू नका. आपल्या गावच्या वाचनालयात जा, रजिस्टर बाजूला ठेवा, धूळ पुसलेलं पुस्तक काढा. आत चिठ्ठी सापडली आणि उत्तर येत असेल, तर लिहा. येत नसेल, तर ती होती त्याच पानात ठेवा आणि कुणाची म्हणून विचारू नका.