जर्मनी, ग्रीस आणि आमचे पापड

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्राच्या मॅडमनी मला सेमिनारचा विषय दिला : युरोपातल्या दोन देशांतल्या कामगारांचे कामाचे तास. याआधी दोनदा मी घसा बसल्याचं सांगून सेमिनार चुकवला होता. "या वेळी उभी राहिली नाहीस तर शून्य," असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शून्य घेऊन घरी जायची कल्पना करवत नव्हती आणि वर्गासमोर बोलायची तर त्याहून नाही.

मी जर्मनी आणि ग्रीस घेतले. देशातल्या सगळ्या कामगारांच्या तासांची बेरीज पाहिली, तर जर्मनी फारच पुढे. निष्कर्ष लिहून टाकला : जर्मन लोक जास्त कष्टाळू.

सेमिनारच्या आदल्या दुपारी आमच्याकडे पापड होते. चौक गावाजवळच्या आमच्या खेड्यात पापडांना शेजारणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात. आज आमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. पलीकडच्या काकी चार सुना घेऊन आल्या होत्या. आमच्या घरच्या आई आणि मी, दोघीच.

"तुज्या भाषनाचं काय झालं गं?" आईनं विचारलं. "आमाला तरी म्हनून दाखव."

मी उभी राहिले आणि छपराच्या पत्र्याकडे बघत सगळं एका दमात म्हणून टाकलं.

काकींनी पिठाची एक लाटी तोंडात टाकली. "जर्मनीत मानसं किती?"

"ग्रीसच्या कितीतरी पट."

"मग! आमी पाच जनी लाटतोय, तुमी दोघी. बेरीज आमचीच जास्त भरनार. म्हनून काय तुजी आई आळशी?"

"आळशीच हाय म्हना," आई म्हणाली. "तेवढंच कुनी जरा बसू देईल."

मी गुपचूप मोबाइल काढला. माणशी तास पाहिले आणि चित्र उलटंच झालं. एकेक ग्रीक कामगार वर्षाला जर्मन कामगारापेक्षा जास्त तास राबत होता.

"काकी, आळशी जर्मन लोक!" मी जाहीर केलं.

"थांब गं बये." काकींची धाकटी सून औषधांच्या दुकानात कामाला, जेवणाच्या सुट्टीत तासाभरासाठीच आलेली. काकींनी तिच्याकडे लाटणं रोखलं. "हिला धरून सरासरी काढलीस तर आमी चौघी फुकटच्या आळशी ठरू. तुज्या जर्मनीत अशा घटकाभर येनाऱ्या सुना नायत का?"

"अवो सासूबाई, तासाभरातले माजे पापड मोजा की," धाकटी म्हणाली. "मी तुमच्यावानी गप्पा नाय मारत."

हसण्यात काकींचा पापड फाटला. मी पुन्हा शोधलं. जर्मनीत अर्धवेळ काम करणारे खरंच खूप होते. निष्कर्षाचं पान मी फाडलं, पण त्या जागी काय लिहावं ते काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले. पाठ केलेला निष्कर्ष तर फाडून झालेला. मग मी माझ्या चुका ज्या क्रमानं झाल्या त्याच क्रमानं सांगत गेले : आधी बेरीज, मग सरासरी, मग अर्धवेळवाले.

"मग कष्टाळू कोण?" मॅडमनी विचारलं.

"नुसत्या तासांवरून नाही सांगता येत, मॅडम. एका तासात काय तयार होतं तेही बघावं लागेल. आणि घरचं काम तर कुठेच धरलेलं नाही. आणि..."

माझ्यानंतर बोलायचं होतं त्या मुलानं घड्याळ दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "बस आता. बाकीच्यांनाही बोलायचंय."

"एकच मुद्दा राहिलाय, मॅडम," मी म्हणाले.