स्लॅबखालची साडी

माझा नातू पाळण्यात पडून वर बघायचा तेव्हा त्याला छत दिसायचं नाही, आमसुली साडी दिसायची. ती मीच बांधली होती. केवढी हुशार बाई होते मी!

चाकणला कंपन्यांच्या मागे भाड्याच्या खोल्यांची रांग होती, त्यातली शेवटची आमची. मुलगा शिफ्टला, सून बाळंतपणाच्या रजेवर आणि मी नुकतीच आजी झालेली, म्हणजे जगातली सगळी अक्कल माझ्याच पदरात. पाळण्याची कडी स्लॅबला होती. तिच्याभोवती आधी ओल आली, मग तांबूस डाग, मग चीर. रस्त्यावरून ट्रेलर गेला की चिरेतून वाळू झरायची. एकदा ती बाळाच्या पापणीवर दिसली. मी फुंकर मारली आणि कुणाला बोलले नाही.

बोलणार कसं? घरमालकाला मी राखी बांधत होते. लातूरकडून आलेल्या बाईला इथे माहेर नव्हतं, ते मी असं जुळवून घेतलं होतं. "ताई, काय बी लागलं तर भाऊ हाय," तो म्हणायचा. स्लॅबचं काढलं की, "व्हय व्हय, पाऊस उघडू द्या." पाऊस उघडला की, "आता कुठं गळतंय?" आणि मी हसायचे. वरून त्याला आलं घालून चहा करून द्यायचे.

त्याने ओवाळणीत घातलेली ती साडी मी पाळण्याची दोरी मधून घेऊन चार खिळ्यांना ताणून बांधली. बाळावर वाळू पडायची थांबली. साडीत साठू लागली.

सून मात्र एका वकीलबाईंना विचारून दोन प्रतींत कागद लिहून घेऊन आली. घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. पंधरा दिवसांत दुरुस्ती केली नाही तर आम्ही करून घेऊ आणि खर्च भाड्यातून वळता करू. सोबत चिरेचे फोटो.

"आई, हा त्यांना द्या, दुसऱ्या प्रतीवर सही घ्या."

"भावाला नोटीस?"

"भाऊ तुमचा. स्लॅब माझ्या लेकराच्या डोक्यावर आहे."

मी गेले. मालकाच्या अंगणात त्याच्या बायकोबरोबर गवार निवडली आणि कागद पदराखाली तसाच घेऊन परत आले. तांदळाच्या डब्यात खुपसला.

"दिला," मी म्हणाले.

"सही?"

"भाऊ म्हणाला, सही कशाला, शब्द दिला."

सून दिवस मोजू लागली, मी साडी बघू लागले. साडीला पोट सुटत होतं. सहाव्या दिवशी वाटीएवढं, दहाव्या दिवशी ताटाएवढं. लांबून ट्रेलर ऐकू आला की घास तोंडातच थांबायचा. तांदूळ काढताना कागद बोटांना लागायचा. एकदा ते पोट रिकामं करायला स्टुलावर चढले, तर वर काहीतरी करकरलं. गुपचूप उतरले. आणि बाळाला पुन्हा त्याच पाळण्यात निजवलं.

तेराव्या दिवशी सकाळी सून बाळाला डोस द्यायला घेऊन गेली. मी तांदूळ निवडत होते. ट्रेलर नव्हता, काही नव्हतं. आधी एक खिळा निसटून फरशीवर टणकन वाजला. मग पाळणा फरशीवर आपटला आणि कडीसकट स्लॅबचा परातीएवढा तुकडा साडी ओढत येऊन त्यात बसला. बाळ झोपतं तिथेच, मधोमध.

सून परतली तेव्हा दारात अख्खी रांग जमली होती. मालकही धावत आला.

"ताई, लागलं न्हाई ना?"

"तुम्हाला लेखी कळवलं होतं," सून म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "तेरा दिवस झाले."

"कसला कागद? आईशप्पथ, मला कागद मिळालाच न्हाई."

"खोटारडा!" कुणीतरी ओरडलं. मालकाने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात एकदाच तो स्लॅबबद्दल खरं बोलत होता आणि ते ठाऊक असलेली मी एकटीच.

मी डबा उघडला. कागद काढला, त्यावरचे तांदूळ झटकले. सुनेने बाळाला माझ्यापासून लांबच्या कडेवर घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दादा, दोन्ही प्रतींवर सही करा," मी म्हणाले.

"आता सही कशाला, ताई? करतोच हाय की."

"करा. आणि आजची तारीख घाला."

डब्याच्या झाकणावर कागद ठेवून त्याने सही केली. पंधरा दिवस तिथून सुरू झाले. माझ्या भिडेने खाल्लेले तेरा त्यात धरले गेले नाहीत.

स्लॅब दुरुस्त झाला. नातू आता शाळेत जातो. पण सून कुणाला काही द्यायला मला पाठवते, आणि मी परत आले की हात पुढे करून विचारते, "सही?" गमतीत विचारते. निदान मी तसं धरून चालते.